मायमोनिडीजचा शोक: मध्ययुगीन ज्यू ग्रंथांतल्या भावना वाचायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा: बाराव्या शतकातला ज्यू विधिज्ञ, वैद्य आणि तत्त्वज्ञ मोशे बेन मायमोन, म्हणजे मायमोनिडीज, आपल्या विधिग्रंथात लिहितो की मृतासाठी मर्यादेपलीकडे दुःख करणारा मूर्ख होय. तोच माणूस धाकटा भाऊ समुद्रात बुडाल्यावर वर्षभर अंथरुणाला खिळतो, आणि आठ वर्षांनी लिहिलेल्या पत्रात म्हणतो की माझं अजून सांत्वन झालेलं नाही. यातलं खरं कोणतं? आणि अशा लिखाणावरून बाराव्या शतकातल्या ज्यू माणसांच्या भावनांबद्दल ठामपणे काही म्हणता येतं का?

म्हणता येतं, आणि पुष्कळ म्हणता येतं. पण विधिग्रंथ म्हणजे मुखवटा आणि पत्र म्हणजे खरा चेहरा अशी वाटणी करून सुरुवात केली, तर पुढचं सगळं वाचन चुकत जातं. दोन्हीकडे माणूस तोच आहे, हातातलं काम वेगळं आहे. कायदा लिहिताना तो शोकातलं काय मोजतो, पत्रात काय मोजतो, वैद्य म्हणून काय मोजतो हे एकेक करून पाहावं लागतं. मग विसंगती नाहीशी होत नाही, पण ती नेमकी कुठे आहे आणि कुठे नाही ते कळतं. इथे हेच एक उदाहरण धरतो. पद्धत त्यातूनच उलगडेल.

आधी कागदपत्रांचा क्रम लावून घ्या. मायमोनिडीजचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबाचा, उत्तरायुष्य इजिप्तमधल्या फुस्तातला, म्हणजे जुन्या कैरोत गेलं, मृत्यू १२०४. मिश्नावरचं, म्हणजे ज्यू मौखिक कायद्याच्या जुन्या संग्रहावरचं, त्याचं अरबी भाष्य ११६८ मध्ये पुरं झालं. त्यातल्या 'आबोत' या भागाची प्रस्तावना 'आठ प्रकरणं' या नावाने वेगळी वाचली जाते आणि मनाची रचना त्याने तिथे मांडली आहे. 'मिश्ने तोरा' हा चौदा खंडांचा हिब्रू विधिग्रंथ ११७० च्या दशकाच्या शेवटाकडे तयार झाला. पवित्र भूमीतल्या अक्को बंदराच्या याफेत बेन एलियाहूला लिहिलेलं हिब्रू पत्र सुमारे ११८५ चं. 'दलालत अल-हाइरीन' हा तत्त्वज्ञानाचा अरबी ग्रंथ ११९० च्या आसपासचा. सुलतान सलाउद्दीनचा मुलगा अल-अफदल याच्यासाठी लिहिलेली आरोग्यविषयक अरबी पुस्तिका ११९८ च्या सुमाराची. म्हणजे शोकाबद्दल बोलणारे मजकूर तीस वर्षांत, दोन भाषांत आणि निदान चार साहित्यप्रकारांत विखुरलेले आहेत. एकाचं वाक्य उचलून दुसऱ्याला लावण्याआधी हे अंतर ध्यानात असावं.

आता कायदा. शोकाचे नियम 'मिश्ने तोरा'च्या शेवटच्या खंडात आहेत. पाचव्या अध्यायात शोक करणाऱ्याला मना असलेल्या अकरा गोष्टी येतात: केस कापणं, कपडे धुणं, अंघोळ, तेल लावणं, समागम, पादत्राणं घालणं, काम करणं, तोरा (मोशेचं नियमशास्त्र) वाचणं, पलंग सरळ (उलटा न करता) ठेवणं, डोकं उघडं ठेवणं, कुणाचं क्षेमकुशल विचारणं. यादी नीट पाहा. सगळ्या दिसणाऱ्या कृती आहेत. मन किती दुःखी असावं याचं माप यात कुठेच नाही. माप आहे ते दिवसांचं आणि शरीराचं. सात दिवस घरी बसायचं, तीस दिवस केस कापायचे नाहीत, परगावी व्यापाराला जायचं नाही, लग्न आणि मेजवान्या टाळायच्या.

वादात सापडलेलं वाक्य तेराव्या अध्यायाच्या अकराव्या नियमात आहे. तिथे एक काम करावंच लागतं, आणि बहुतेक घाईचे वाचक तेच टाळतात: वाक्याचं मूळ काढून दोन्ही शेजारी ठेवायची. मूळ तालमुदातल्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथातल्या, 'मोएद कातान' या भागात आहे. रडायला तीन दिवस, शोकभाषणांना सात, कपडे आणि केसांसाठी तीस, ही वाटणी तिथलीच. पण तालमुदात कारण असं दिलंय की फार शोक करणाऱ्यावर दुसऱ्या मृतासाठी रडायची पाळी येते. पाठोपाठ गोष्टही आहे: राव हुना या पंडिताच्या शेजारची, सात मुलगे असलेली एक बाई एका मुलासाठी रडत राहिली आणि एकामागून एक सगळे गमावून बसली. मायमोनिडीजने ही धमकीही गाळली आणि गोष्टही गाळली. त्या जागी स्वतःचं कारण घातलं: मृत्यू ही जगाची रीत आहे, आणि जगाच्या रीतीबद्दल स्वतःला यापेक्षा जास्त क्लेश देणारा मूर्ख होय. म्हणजे दिवसांचा हिशेब वारशाने आलेला आहे, भीतीच्या जागी आलेलं विवेकाचं कारण त्याचं स्वतःचं आहे. भावनांच्या इतिहासाला हवी असलेली गोष्ट या फरकात सापडते. सुटं वाक्य वाचलं तर ती दिसतही नाही.

याला लागूनच बारावा नियम आहे, आणि तो वगळून अकरावा उद्धृत करणं मला अन्यायाचं वाटतं. ज्ञानी लोकांनी सांगितलं त्याप्रमाणे जो शोक करत नाही तो क्रूर होय, असं तिथे म्हटलंय. माणसाने भ्यावं, काळजी करावी, आपली कृत्यं तपासावीत आणि पश्चात्तापाकडे वळावं. एका बाजूला मूर्ख, दुसऱ्या बाजूला क्रूर, मध्ये दिवसांची आखलेली वाट. 'आठ प्रकरणां'त त्याने सद्गुणांबद्दल जो मध्यममार्ग शिकवला, त्याची ही कायद्यातली आवृत्ती आहे. तो विचार अरिस्टॉटलचा असला तरी त्याच्यापर्यंत पोचला मुसलमान तत्त्वज्ञ अल-फाराबीच्या अरबी लिखाणातून. ज्यू विचार मुसलमान विचारापासून वेगळा काढून वाचता येत नाही तो यामुळे.

आणखी एक तरतूद या प्रकरणाशी थेट भिडते. मृत्यूची बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर ती 'जवळची बातमी', आणि पूर्ण शोक पाळायचा. तीस दिवसांनंतर कळली तर ती 'दूरची बातमी', आणि शोक एकच दिवस, त्यातही दिवसाचा काही भाग पुरतो. हिंदी महासागरात बुडालेल्या माणसाची बातमी एडन, तांबडा समुद्र, वाळवंट आणि नाईल ओलांडून फुस्तातला तीस दिवसांत पोचणं जवळपास अशक्य. जो बुडाला आणि ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याच्यासाठी मोजणी शोधाची आशा सोडल्यापासून, असाही वेगळा नियम आहे. कोणता लावायचा हे न्यायाधीशाचं काम. आपल्याला एवढं पुरे की एका बाजूला फार तर काही दिवसांचं कर्तव्य आहे आणि दुसऱ्या बाजूला आठ वर्षं. हा फरक लपवलेला नाही. पत्रात तो उघड लिहिलेला आहे, आणि लिहिणारा त्या काळचा सर्वांत मोठा विधिज्ञ आहे.

आता पत्र. ते कुणाला आणि कशासाठी लिहिलंय हे प्रथम. याफेत हा जुना स्नेही. ११६५ मध्ये मायमोनिडीज, त्याचे वडील, भाऊ दावीद आणि याफेत पवित्र भूमीत एकत्र फिरले होते. इतक्या वर्षांत तुम्ही चौकशीचं पत्रही पाठवलं नाही, अशी याफेतची तक्रार आली. त्या तक्रारीला हे उत्तर आहे. म्हणजे शोकाचं वर्णन इथे स्नेह पुन्हा जोडायचं काम करतं: मी गप्प का राहिलो ते ऐक, आणि तूच ऐकायला योग्य आहेस कारण तू त्याला पाहिलं होतंस. यामुळे शोक खोटा ठरत नाही. त्याची मांडणी मात्र या कामाने ठरवली आहे.

पुढची पायरी म्हणजे उद्धरणं वेगळी काढणं. छापील प्रतीवर पेन्सिलने, बायबलमधून आलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करा. आजाराच्या वर्णनात तीन शब्द येतात: वाईट गळवं, दाह, हृदयाचा भ्रम. तिन्ही शब्द बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात, शापांच्या यादीत आहेत, वचनं २२, २८ आणि ३५. वाईट गळवं ईयोबाच्या कथेतही आहेत. बातमी आली त्या दिवशी मी पडलो आणि सुमारे वर्षभर उठलो नाही, हे वाक्य वाचून मायमोनिडीजला वैद्यकीय अर्थाने नैराश्याचा विकार झाला होता असं आज अनेकदा लिहिलं जातं. त्या निदानाचा आधार म्हणजे हे तीन शब्द, आणि ते लक्षणांची नोंद म्हणून आलेले नाहीत. जो स्वतः वैद्य होता, ज्याच्याकडे अरबी वैद्यकाची संपूर्ण परिभाषा होती, त्याने आजार सांगताना ती बाजूला ठेवली आणि शापांचा अध्याय निवडला. आपल्यावर काय कोसळलं ते त्याला त्या भाषेत सांगायचं होतं. त्याचा ताप खरा होता की नाही, गळवं कसली होती, हे या वाक्यातून काढायला जाऊ नये.

तशीच गोष्ट शेवटाची. मुलाकडे शोक करत मी अधोलोकात उतरेन, हे 'उत्पत्ती'च्या ३७ व्या अध्यायातलं, मुलगा योसेफ मेला असं समजून याकोबाने काढलेलं वचन तो आपल्या तोंडी घेतो. याच वचनात याकोब सांत्वन घ्यायला नाकारतो. धाकट्या भावासाठी बापाचा शोक वापरण्यामागे आधार आहे, तो त्याआधी येतो: तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ होता आणि शिष्यही होता. याफेतसारखा वाचक वचन ऐकताच पुढची कथा जाणत होता, योसेफ जिवंत होता हेही. तेव्हा वचन कुठून आलं एवढं लिहून थांबू नका. वाचणाऱ्याच्या कानात त्याच्यासोबत आणखी काय वाजलं असेल, तेही टिपा.

अधोरेखित भाग बाजूला केल्यावर जे उरतं तिथे थांबून वाचा. भाऊ बाजारात व्यवहार करायचा आणि कमवायचा, मी निर्धास्त बसायचो. त्याच्याबरोबर माझे, त्याचे आणि इतरांचे पैसे होते. तो एक लहान मुलगी आणि विधवा माझ्याकडे ठेवून गेला. त्याचं अक्षर किंवा त्याचं एखादं पुस्तक दिसलं की काळीज उलटतं. हे काळीज उलटणं पुन्हा बायबलचं आहे, होशेयाच्या पुस्तकातलं. पण अक्षर आणि पुस्तक कुठूनही घेतलेलं नाही. आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे ११९ वं स्तोत्र. मूळ वचन असं की तुझं नियमशास्त्र माझा आनंद नसता तर मी माझ्या दुःखात नष्ट झालो असतो. मायमोनिडीज वचनाच्या दोन अर्ध्यांमध्ये आपला एक तुकडा घालतो: आणि ज्यांच्यात मी माझं दुःख विसरतो ती ज्ञानं. तालमुदाच्या वाक्यात जशी त्याने कारणाची जागा बदलली, तसंच इथे स्तोत्रात तोरेच्या शेजारी विद्या आणून बसवली. दुःखातसुद्धा हा माणूस आपला सिद्धान्त सोडत नाही, उलट त्यातच आधार शोधतो.

आणि इथे अकरा निषेधांकडे परत जा. शोक करणाऱ्याला सात दिवस तोरा वाचायची मनाई आहे, कारण तिने मन आनंदित होतं असं परंपरा मानते. पत्रात त्याला जगवणारी गोष्ट हीच. म्हणजे कायदा आणि पत्र यांचं अध्ययनाबद्दलचं गृहीत एकच आहे: अभ्यास हा आनंद आहे. आधी तो काही दिवस बंद ठेवायचा, मग त्यानेच तरायचं. एवढ्यापुरती विसंगती नाही. ती आहे मुदतीत, आणि ती मुदत त्याने स्वतः ओलांडली असं तो स्वतः सांगतो.

तिसरा मजकूर वैद्यकाचा. अल-अफदल उदासीनतेने आणि बद्धकोष्ठाने त्रस्त होता. त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात मनाच्या हालचालींचा शरीरावर होणारा परिणाम येतो. धडधाकट, खणखणीत आवाजाचा, तेजस्वी चेहऱ्याचा माणूस अचानक दुःखद बातमी ऐकतो: रंग उतरतो, शरीर वाकतं, आवाज फुटत नाही, नाडी बारीक होते, डोळे खोल जातात, कातडी थंड पडते, भूक मरते. कारण, नैसर्गिक उष्णता आणि रक्त आत ओढलं जातं. हे प्राचीन ग्रीक वैद्य गालेनच्या परंपरेतलं वैद्यक आहे. त्यात मनाचे विकार हवा, खाणंपिणं, झोप यांच्यासारखेच आरोग्याचे घटक धरले जातात. पुढे तो म्हणतो की क्लेश देणारे विचार दोनच प्रकारचे असतात: गेलेल्या गोष्टीचे, जसं धन गेलं किंवा आवडतं माणूस गेलं, किंवा येऊ घातलेल्या संकटाचे. विवेकाने पाहिलं तर दोन्हींचा उपयोग शून्य. आणि हे काम निव्वळ वैद्याचं नाही, तत्त्वज्ञानाचं आणि धर्माच्या शिकवणीचं आहे.

धन आणि माणूस ही जोडी वाचताच पत्र आठवतं, कारण तिथेही दोन्ही एकत्र आहेत. मोह आवरा. बातमीने कोसळणारा माणूस हा वैद्यकाचा जुना नमुना आहे. तो लिहिताना मायमोनिडीज स्वतःबद्दल बोलतोय असं दाखवणारा शब्द तिथे नाही. तुम्ही एवढंच म्हणू शकता की १३ वर्षांपूर्वी पत्रात ज्याने शापांची भाषा वापरली, तोच राजपुत्रासाठी उष्णतेची आणि नाडीची भाषा वापरतो. कुठे कोणती भाषा शोभते याची त्याची जाण पक्की आहे. हीच जाण आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाबद्दल, म्हणजे 'दलालत'बद्दल, थोडक्यात. पहिल्या भागाच्या ५४ व्या अध्यायात देवाची दया आणि क्रोध यांचा अर्थ तो कृतींपुरता लावतो: देव दयाळू माणसासारखं वागतो, पण त्याच्यात दयेचा विकार उमटत नाही, राज्यकर्त्यानेही तसंच वागावं. यावरून मायमोनिडीजला भावनाच नको होत्या असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. त्यांनी 'मिश्ने तोरा'तला पश्चात्तापाच्या नियमांचा दहावा अध्याय वाचावा. देवावरचं प्रेम कसं असावं, तर स्त्रीच्या प्रेमाने आजारी झालेल्या माणसासारखं. बसता-उठता, खातापिता तिच्यावरून मन हटत नाही, त्याहूनही जास्त. आणि 'दलालत'च्या तिसऱ्या भागाच्या ४८ व्या अध्यायात तो म्हणतो की पिलासाठी मादीला होणारं दुःख माणसाच्या आईच्या दुःखाहून वेगळं नाही, कारण ही माया बुद्धीतून येत नाही, कल्पनाशक्तीतून येते, आणि ती बहुतेक प्राण्यांत आहे. भावना कुठे वसते याचा त्याच्याकडे स्पष्ट नकाशा होता. 'आठ प्रकरणां'त त्याने मनाचे पाच भाग सांगितले आहेत: पोषण, संवेदना, कल्पना, इच्छा, बुद्धी. राग, भीती, दया, प्रेम, द्वेष हे सगळे इच्छेच्या भागात. आपल्या 'भावना' या शब्दात आपण जे सगळं एकत्र कोंबतो ते तिथे दोन-तीन ठिकाणी वाटलेलं आहे.

हा नकाशा लेखकागणिक बदलतो. कवी आणि तत्त्वज्ञ सोलोमन इब्न गबिरोलने १०४५ मध्ये स्पेनमधल्या सारागोसात लिहिलेल्या नीतिग्रंथात वीस गुणदोष पाच इंद्रियांना वाटून दिले आहेत, प्रत्येकाला चार: डोळ्याला गर्व, नम्रता, लाज, निर्लज्जपणा, कानाला प्रेम, द्वेष, दया, कठोरपणा, नाकाला राग, प्रसन्नता, मत्सर, तत्परता, जिभेला आनंद, चिंता, समाधान, पस्तावा, स्पर्शाला औदार्य, कंजूषपणा, धैर्य, भित्रेपणा. कवी येहूदा हालेवी तर आनंदालाच उपासनेची पायरी देतो: उपवासाच्या दिवशीचा तुझा पश्चात्ताप तुला देवाच्या जितका जवळ नेतो, तितकाच शब्बाथचा (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा) आणि सणाचा आनंद. म्हणून 'मध्ययुगीन ज्यू लोकांना आनंदाबद्दल काय वाटे' अशा शीर्षकाचा निबंध लिहायला घेऊ नका. एक भावना, एक प्रदेश, पन्नास वर्षं, आणि निदान दोन साहित्यप्रकार, एवढा तुकडा पहिल्या कामाला भरपूर होतो.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? प्रत्येक उताऱ्यासाठी तक्त्यात एक ओळ. रकाने असे: मूळ शब्द मूळ लिपीत, भाषा, तारीख आणि ठिकाण, साहित्यप्रकार, कुणी कुणाला, शरीरावरचं चिन्ह (अश्रू, रंग, आवाज, झोप), बायबल किंवा तालमुदाचा स्रोत, ठरीव वाक्प्रचार आहे की एकदाच आलेलं वाक्य, आणि शेवटचा रकाना, हा मजकूर वाचणाऱ्याकडून काय घडवू पाहतो. हा शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि सगळं फळ तिथेच आहे. चाळीसएक ओळी झाल्या की आकार दिसू लागतो. त्याआधी सिद्धान्ताची पुस्तकं हातात घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहासकार बार्बरा रोझेनवाइन यांनी रूढ केलेली भावनिक समुदायांची, म्हणजे भावना मानण्याच्या आणि दाखवण्याच्या समान रीती असलेल्या गटांची, कल्पना उपयोगाची आहे, कारण एक माणूस एकाच वेळी वैद्यांच्या, न्यायाधीशांच्या आणि व्यापारी कुटुंबांच्या रीतीत जगू शकतो हे ती मान्य करते. पण ती आधी डोक्यात बसली की प्रत्येक कागदात समुदायच दिसायला लागतो.

भाषांचा क्रम: बायबलची हिब्रू पहिली, मग मिश्ना-तालमुदाची हिब्रू, समांतर अरबी, आणि शेवटी ज्यू-अरबी, म्हणजे हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. उद्धरणं ओळखता येणं हेच इथलं मुख्य कौशल्य असल्याने बायबल आधी. मराठी वाचकाला गम, इश्क, सबुरी, शौक हे शब्द ओळखीचे वाटतील. सुरुवातीला मदत होते, पुढे घोटाळाही होतो, कारण त्या काळच्या ज्यू-अरबी पत्रांतला 'शौक' म्हणजे विरहातली ओढ, छंद नव्हे. साधनांत 'सेफारिया' या संकेतस्थळावर बायबल, तालमूद आणि 'मिश्ने तोरा' एकमेकांशी जोडलेले मिळतात. एखाद्या हिब्रू शब्दाचा इतिहास पाहायला हिब्रू भाषा अकादमीचा 'मागारीम' हा शब्दसंग्रह. कैरोच्या गेनिझातल्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीतल्या, कागदांसाठी प्रिन्स्टनचा गेनिझा प्रकल्प आणि छायाचित्रांसाठी फ्रीडबर्ग संग्रह. ज्यू-अरबीसाठी योशुआ ब्लाऊ यांचा कोश.

अनुवादावर विसंबण्याची चूक फार होते. 'आठ प्रकरणं' आणि 'दलालत' हिब्रूत प्रथम नेले शमुएल इब्न तिब्बोनने; 'दलालत'चा अनुवाद १२०४ मध्ये पुरा झाला. बहुतेक जुने युरोपीय अभ्यास त्या हिब्रूवर उभे आहेत. भावनेच्या शब्दासाठी अनुवादाचा अनुवाद चालत नाही, अरबी मूळ उघडावंच लागतं. दुसरी चूक बनावट मजकुरांची. मायमोनिडीजच्या नावाने फिरणारं मुलाला उद्देशून लिहिलेलं नैतिक मृत्युपत्र त्याचं नाही. वैद्याची प्रार्थना म्हणून भिंतीवर लावली जाते ती १७८३ मध्ये जर्मन भाषेत छापून आली. या दोन्ही मजकुरांत भावना भरपूर आहे, आणि म्हणूनच अभ्यासक त्यांच्याकडे खेचले जातात.

तिसरी चूक तारखांची. दावीदचं एक पत्र गेनिझात मिळालं आहे, तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून लिहिलेलं. तांड्यापासून तुटून एका सोबत्याबरोबर वाळवंट पार केलं, बंदरात निळीशिवाय घेण्याजोगं काही नव्हतं, म्हणून आता हिंदुस्थानाकडे निघतो. ज्याने वाळवंटात वाचवलं तो समुद्रातही वाचवेल, घरातल्यांना धीर दे. हे शेवटचं पत्र म्हणून सर्रास सांगितलं जातं. पण त्याची तारीख सामान्यतः ११७० च्या आसपास धरतात, आणि ११८५ च्या पत्रातली आठ वर्षं मागे गेलं तर मृत्यू ११७७ च्या सुमाराचा ठरतो. दोन तारखा शेजारी ठेवल्या की ती करुण कहाणी तितकी घट्ट राहत नाही. आणि पत्राच्या सुरुवातीची भावासाठीची ओढ? तसं लिहायची त्या काळच्या व्यापारी पत्रांत रीतच होती. रीत होती म्हणून ती पोकळ मानू नका. तक्त्यात 'ठरीव' असा शेरा मारा आणि दावीदने त्यात काय जोडलं ते पाहा. त्याने जोडलेला भाग म्हणजे घरातल्या बायकांना धीर देण्याची विनंती.

इजिप्तवरून सगळ्या ज्यू जगाबद्दल बोलू नये, हे ऱ्हाइनकाठच्या एका शोकगीतावरून कळतं. जर्मनीतल्या वर्म्स गावचा रब्बी एलाझार याची पत्नी दोल्चे आणि मुली बेलेट व हन्ना यांचा ११९६ मध्ये घरात शिरलेल्या हल्लेखोरांनी खून केला. त्याने लिहिलेलं गीत 'नीतिसूत्रे' या पुस्तकातल्या सद्गुणी स्त्रीच्या वर्णनावर ओळीमागून ओळ बेतलेलं आहे. पण त्या साच्यात तो काय भरतो? तिने सुमारे चाळीस तोरा-गुंडाळ्या शिवल्या, गावोगावच्या बायकांना प्रार्थना शिकवल्या, १३ वर्षांची बेलेट आईकडून प्रार्थना आणि गाणी शिकली, सहा वर्षांची हन्ना रोज 'श्मा' ही प्रार्थना म्हणायची. सांत्वनाचा तर्क नाही, जगाची रीत नाही. पद्धत मात्र तीच लागू पडते: वारशाने आलेला साचा ओळखा, मग त्यात घातलेला तुकडा.

शेवटचं, पैशाबद्दल. भावाच्या मृत्यूबरोबर बुडालेल्या रकमेचा उल्लेख आजच्या वाचकाला खटकतो. तो खटकू नये यासाठी गेनिझातली हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रं दहा-वीस तरी वाचा. मंगळुरात असलेला माहरूझ बेन याकोब, चाच्यांच्या हाती सापडून सुटलेल्या आपल्या मेहुण्याला लिहितो की सोनं लागलं तर माझ्या नावावर नाखुदा (जहाजमालक) तिनबूकडून घे; तो ठाण्याला असतो, आणि त्याच्यामाझ्यात कधी न तुटणारी मैत्री आणि बंधुभाव आहे. ठाणं म्हणजे आपलंच कोकणातलं ठाणं. इथे बंधुभाव हा शब्द पतपत्राचं काम करतो, आणि त्यामुळे तो कमी खरा होत नाही: परक्या किनाऱ्यावर, हुंडी न लिहिता, कुणाच्या शब्दावर सोनं मिळावं हे त्या जगातलं मैत्रीचं सर्वांत पक्कं लक्षण होतं. अशा पत्रांतल्या मैत्री, ओढ आणि बंधुभाव या शब्दांसाठी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा: त्या वाक्याच्या मागेपुढे कोणता माल, कोणती रक्कम आणि कोणती जोखीम आहे. मग मायमोनिडीजचं पत्र परत उघडा.